नर्सबाईंची फेरी

दुकानदारानं दोन सायकली बाहेर काढल्या, सीटं खालीवर केली, ब्रेक दाबून दाखवले. मी कुठल्या बाजूनं जाणार ते सांगितल्यावर मात्र तो थबकलाच.

"उलट्या बाजूनं?" तो म्हणाला. "तिकडून कुणी सुरुवात करत नाही. पहिल्याच तासात खिंडीचा चढ लागतो, तोही वाऱ्याच्या तोंडावर. या बाईंचं वय काय?"

"सहासष्ट."

"मग चर्चच्या बाजूनं जा ना. तिकडून चढ हळूहळू लागतो."

सासूबाई सायकलची घंटा वाजवून बघत होत्या. "काय म्हणतो गो तो?"

"हवा छान आहे म्हणतो," मी म्हटलं.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात माझी. पण लबाडी मीच केली होती, तर सांगणारही मीच.

आम्ही तेव्हा आयर्लंडला, कॉर्क शहरात राहत होतो. उन्मेष, मी आणि आमची चौदा महिन्यांची रेवा. सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. राजापूरकडच्या कातळवाडीत त्या एकट्या राहत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून एकतीस वर्षं नोकरी केलेली, त्यातली बरीचशी सायकलवर. वाडीवाडीला जाऊन लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गावात त्यांना मयेकर कुणी म्हणत नसे. नर्सबाई.

आदल्या वर्षी त्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या. मनगट मोडलं. उन्मेष तीन आठवडे गावी जाऊन राहिला आणि मी इथं तान्ह्या मुलीला घेऊन एकटी. नाकी नऊ आले माझ्या. त्यानंतर भारतातून फोन वाजला की मला आधी त्या विहिरीच्या पायऱ्या दिसायच्या. म्हणून आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं, आईंनी आता गावचं घर बंद करायचं आणि पुण्याला थोरल्या दिरांकडे राहायचं. दिरांची तयारी होती. तयारी नव्हती फक्त सासूबाईंची.

उन्मेषनं एका सकाळी चहा पिताना विषय काढला. "आई, तुला आता झेपत नाही गं एकटीनं."

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. आमच्या फ्रिजवर एक नकाशा लावलेला होता. समुद्रात लांबवर घुसलेल्या एका डोंगराळ भूशिराला वळसा घालणारा सायकलचा रस्ता. मागच्या उन्हाळ्यात आम्ही जाणार होतो, राहून गेलं होतं.

"हे किती?" त्यांनी बोट ठेवलं.

"अडतीस किलोमीटर. डोंगर आहेत पण."

"माझी लसीकरणाची फेरी बत्तीसची होती. ही मी पुरी केली तर घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही केली, तर किल्ली तुझ्या दादाच्या हातात देते. गणपतीच्या आधी."

उन्मेष हसला. मग हसायचा थांबला, कारण त्या हसत नव्हत्या. अटी त्यांनीच घातल्या. गाडीत बसायचं नाही. चढाला उतरून ढकलली तर चालेल. तिथल्या गावातलं सायकली भाड्यानं देणारं दुकान पाचला बंद होतं, त्याच्या आत परत. "आणि कारणं सांगायची नाहीत," त्या म्हणाल्या. "कारणं सांगणाऱ्यांच्या मुलांना मी कधी वेळेवर डोस मिळालेला बघितला नाही." उन्मेष रेवाजवळ घरी थांबणार होता. साक्षीदार मी.

तर अशी मी साक्षीदार, आणि नकाशा बघून मीच ठरवलं होतं, खिंडीच्या बाजूनं न्यायचं. तासाभरात दमतील, दुपारी गाडीनं घरी. कुणाला दुखवायला नको, भांडायला नको. मनात मी त्याला लबाडी म्हणतही नव्हते. त्यांच्याच भल्याचं, असं म्हणत होते.

दहाला निघालो. सासूबाईंनी सलवार-कमीज घातला होता, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. सायकलला गिअर होते, ते त्यांना पटले नाहीत. "एवढे दात कशाला हिला? चावणार आहे का कुणाला?" एका गिअरात घातली ती शेवटपर्यंत तशीच ठेवली.

रस्ता एवढासा. दोन्हीकडं दगडांची कुंपणं, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. सासूबाई खूशच झाल्या. "अगो, हे तर आपले गडगे!" कुंपणांवर लाल घंटांच्या फुलांची झुडपं लवलेली, खाली समुद्र, वर मेंढरं. आणि मग पहिली गाडी आली. चालवणाऱ्या बाईनं स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं आणि गेली.

सासूबाईंनी ब्रेक मारला, उतरल्या, सायकल कुंपणाला लावली आणि मागं वळून बघत उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मी घाबरले.

"तिनं हात केला ना. थांबेल पुढं."

"अहो आई, ती नुसती नमस्कार करत होती."

"ओळखतेस?"

"नाही."

"मग हात कशाला करेल?"

पुढच्या गाडीला तेच. मग ट्रॅक्टर, मग पोस्टाची गाडी. बोट वर झालं की सासूबाई खाली. पाचव्या वेळेला माझा तोल गेला. "आई, इथं रस्त्यावर दिसेल त्याला बोट दाखवायची पद्धत आहे! कुणाला काही झालेलं नसतं! असं थांबत बसलात तर पाच काय, सात वाजतील!"

"सवय आहे गो ती," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "एकतीस वर्षं रस्त्यात हात कुणी केला तर घरात कुणीतरी आजारी असायचं. हात केला आणि नर्सबाई पुढं गेली, असं नाही झालं कधी." मग पायडलवर पाय ठेवत म्हणाल्या, "बरं. आता नाही थांबत."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मग खिंड आली. मी मारे गिअर पाडून, सीटवरून उठून, जोर लावत चढायला लागले. वारा असा, की सायकल जागच्या जागी उभी राहायची. चौथ्या वळणावर माझे डोळे पांढरे झाले. धापा टाकत थांबले, तर मागून टिकटिक टिकटिक आवाज. सासूबाई सायकल ढकलत, वाटेतली फुलं बघत, पायी येत होत्या. कपाळावर घाम होता, श्वास मात्र सरळ.

"कशाला झगडतेस तिच्याशी?" त्या म्हणाल्या. "चढाला आपण हिला न्यायचं, उताराला ती आपल्याला नेते. मला सरकारनं सायकल दिली होती, रस्ता नव्हता दिला." आणि पुढं गेल्यासुद्धा.

खिंडीच्या माथ्यावर त्या माझ्याआधी पोचल्या. तिथून पलीकडचा सगळा समुद्र एकदम दिसतो. खाली काळे कडे, कड्यांवर पांढरा फेस, आणि डोंगरावर पिवळी-जांभळी झुडपं पसरलेली. मी सायकल टाकून गवतात बसले. मनात म्हटलं, वृंदाबाई, तुमचा बेत फसला. ही बाई दमत नाही.

उतार संपल्यावर, साधारण अकराव्या किलोमीटरला, रस्त्याकडेच्या गडग्यावर एक म्हातारा बसलेला दिसला. आमच्या पुढं एक निळी गाडी होती. म्हाताऱ्यानं तिला हात केला, गाडीवाल्यानं बोट वर केलं आणि गाडी निघून गेली. म्हाताऱ्यानं आम्हालाही हात केला. मी हसून बोट वर केलं. सासूबाईंनीही, शिकल्याप्रमाणे, मूठ न सोडता एक बोट उचललं. आम्ही पुढं गेलो.

वीसेक हात गेलो असू. त्यांचा ब्रेक वाजला.

"आई, आता काय?"

"त्याची टोपी खाली पडलीय."

"मग?"

"पायाशी पडलीय आणि तो उचलत नाही." त्यांनी सायकल वळवली होती.

मी कुरकुरत मागं गेले. जवळ गेल्यावर कळलं. म्हाताऱ्याचा डावा हात हवेत होता, उजवा मांडीवर मेल्यासारखा पडला होता. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. तो काहीतरी सांगत होता आणि त्याचे शब्द होत नव्हते. त्याचे डोळे मी अजून विसरले नाही. किती गाड्यांना त्यानं हात केला असेल, आणि सगळ्या प्रेमानं बोट दाखवून निघून गेल्या असतील!

सासूबाईंची भाषा त्याला येत नव्हती, त्याची त्यांना. काही अडलं नाही. त्यांनी स्वतः हसून दाखवलं, त्याला हसायला लावलं. अर्धंच तोंड हसलं. दोन्ही हात वर करून दाखवले. त्याचा एकच वर आला. मला म्हणाल्या, "झटका आहे, अर्धांगाचा. धर." आम्ही दोघींनी त्याला गवतावर घेतला, कुशीवर वळवला. डोक्याखाली त्यांची ओढणी. घड्याळ बघून त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच्या तळहातावर लिहिलं, अकरा बावन्न.

"ते कशाला?"

"जन्म असो की झटका, वेळ आधी लिहायची. मग बाकीचं. फोन कर."

फोनला रेंज नव्हती. वर डोंगरात एक पांढरं घर दिसत होतं. "पळ," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात सासू नव्हती, नर्सबाई होती. मी सायकल टाकून अक्षरशः पळत सुटले. घरातल्या बाईचं नाव नोरा. तिनं अँब्युलन्सला फोन केला, आणि घोंगडी आणि चहाची किटली घेऊन माझ्याबरोबर धावली. तो डोनल, तिचा शेजारी. एकटाच राहायचा. त्याला तसा पडलेला बघून तिला रडू फुटलं, आणि ती कप त्याच्या ओठांना लावायला गेली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "नो. घशाखाली काही नाही. सांग तिला, गिळता येत नाही त्याला, फुफ्फुसात जाईल." मग म्हणाल्या, "विचार तिला, शेवटचा धड कधी बोलला हा?"

नोरानं आठवलं. साडेअकराला तो तिच्याकडं अंडी द्यायला आला होता, चांगल्या गप्पा मारून गेला होता. सासूबाईंनी तळहातावर वरच्या ओळीत तेही लिहिलं.

अँब्युलन्स यायला सव्वा तास लागला. एवढा वेळ त्या रस्त्याकडेला मांडी घालून त्याचा हात धरून बसल्या होत्या, आणि त्याच्याशी मराठीत बोलत होत्या. "आली हां गाडी. आता आली. तुझी कोंबडी-बिंबडी नोराबाई बघेल. तू फक्त श्वास घे." आणि तो ऐकत होता! त्यांच्या तोंडाकडं टक लावून ऐकत होता. अँब्युलन्समधल्या मुलीनं विचारायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी तिच्यापुढं तळहात धरला. तिनं त्या दोन्ही वेळा उतरवून घेतल्या. "या कोण आहेत?" तिनं मला विचारलं.

"नर्स," मी म्हटलं.

पुढं नोरानं पत्रात कळवलं, की ती वेळ लिहिलेली होती म्हणूनच डॉक्टरांना रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध देता आलं. डोनल काठी घेऊन चालायला लागला होता.

नोरानं आम्हाला दोन सँडविच खायला लावली, तिचा मुलगा सायकली गाडीत टाकून आम्हाला सोडतो म्हणाला. सासूबाईंनी मान हलवली. आम्ही पुन्हा निघालो तेव्हा दोन वाजत आले होते आणि सत्तावीस किलोमीटर राहिले होते.

भूशिराच्या टोकाशी त्या एकदाच थांबल्या. तिथं झाड नाही, नुसता कातळ, बुटकं गवत आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. त्या म्हणाल्या, "आपला सडाच की हा, कातळवाडीवरचा." मी विचारलं.

"आई, पुण्याला नको का वाटतं तुम्हाला? दादा-वहिनी चांगली आहेत."

"चांगलीच आहेत. जपतील मला." वाऱ्यानं त्यांचे केस उडत होते. "पण पुण्यात मला रस्त्यात हात करून कोण थांबवणार गो?"

ज्यांना मी सकाळपासून दमवायला निघाले होते, त्या बाई एवढंच मागत होत्या. पुढचा सगळा रस्ता मी त्यांच्या मागं होते. ताठ पाठ, एकसारखे पाय, उताराला ओढणी नसलेले खांदे वाऱ्यात जरासे आक्रसलेले. एवढी मोठी बाई माझ्या घरात दीड महिना भाजी निवडत बसली होती आणि मी तिला काय समजत होते!

गावात शिरलो तेव्हा पाच पस्तीस. दुकानदार दार उघडं ठेवून बाहेर उभा होता. आमच्याआधी बातमी पोचली होती. त्यानं सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचं लक्ष त्याच्या मागच्या घड्याळाकडं होतं.

तेवढ्यात उन्मेषचा फोन आला. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तो घेतला.

"उन्मेष, पाच पस्तीस झाले. हरले मी. किल्ली दादाला देते गणपतीच्या आधी. रेवा जेवली का?" आणि फोन माझ्याकडं दिला. बस. डोनलचं नाव नाही, काही नाही. कारणं सांगायची नाहीत असं ठरलं होतं ना.

त्या पाठमोऱ्या होऊन सायकलच्या चाकाचा चिखल काढायला लागल्या. खांदे मात्र पडले होते, दिवसभरात पहिल्यांदा.

"वृंदा? बरी आहे ना ती?" उन्मेष विचारत होता.

"उन्मेष, ऐक," मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, त्यांना ऐकू जावं म्हणून. "पैज झालीच नाही. मी लबाडी केली. मी आईंना उलट्या बाजूनं नेलं, खिंडीच्या चढानं. दुकानदार नको म्हणत होता, आणि मी आईंना खोटं सांगितलं. त्या दमाव्यात म्हणून. आणि तरी त्या वेळेत आल्या असत्या. वाटेत एक माणूस मरत होता, त्याच्यासाठी त्या दोन तास थांबल्या."

"कोण माणूस? आई काही बोलली नाही."

"त्या नाहीच सांगणार."

सासूबाई सरळ झाल्या. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. सासू-सुनेच्या नात्यात अशी वेळ येऊ नये कुणावर.

"सरळ बाजूनं गेलो असतो," त्या हळूहळू म्हणाल्या, "तर तो माणूस आपल्याला दुपारी अडीच-तीनला भेटला असता."

"हो."

"म्हणजे भेटला नसता." त्यांनी हात पुसले. "तुझ्या लबाडीनं तो वाचला. पण म्हणून लबाडीचं पुण्य होत नाही, कळलं ना? माझ्याशी पुन्हा असं करू नकोस, वृंदा."

"नाही करणार," मी म्हटलं आणि तिथंच, दुकानदारासमोर, रडायला लागले.

फोनवर उन्मेषही रडकुंडीला आला होता. मी स्पीकर लावला. "आई, सोड ती पैज. तू घर ठेव."

"ठेव म्हणजे? तू कोण ठेव म्हणणारा?" सासूबाई कडाडल्या. "तुम्ही दयेनं ठेवलेलं घर पुढच्या वर्षी मी पडले की पुन्हा मागाल. आजची पैज रद्द. उद्या परत करते. सरळ बाजूनं. पोरीला आजची रात्र तू सांभाळ."

दुकानदाराला मी हे समजावलं. रविवारी त्याचं दुकान बंद असायचं. तो म्हणाला, उघडतो. राहायला त्याच्या बहिणीची खोली मिळाली. सासूबाईंनी रात्री पायांना खोबरेल लावलं आणि पडल्या पडल्या झोपल्या. माझ्या मांड्यांना असे गोळे आले होते की मला कूसही वळता येईना.

दुसऱ्या दिवशी दहाला निघालो, चर्चच्या बाजूनं. पहिल्या पाच किलोमीटरांत त्या मला दिसायच्या, मग फक्त वळणांवर दिसायच्या, मग दिसेनाशा झाल्या. मी गिअर बदलून बदलून थकले आणि शेवटी उतरून ढकलायला लागले.

गावात त्यांनी दुकानदाराचा फोन मागून घेतला आणि घरी लावला. काय बोलल्या ते मला उन्मेषनं नंतर सांगितलं. त्यानं हॅलो म्हटलं आणि पलीकडून आवाज आला, "चार दहा. किल्ली माझ्याकडं राहील." फोन बंद.

त्या घरात त्या पुढं चौदा वर्षं राहिल्या. आम्ही कुणी तो विषय पुन्हा काढला नाही.

"वृंदा कुठाय?" उन्मेषनं लगेच उलट फोन करून विचारलं होतं म्हणे.

"येतेय मागून," सासूबाई म्हणाल्या. "दमलीय बिचारी. तिला काही बोलू नकोस."

मी साडेपाचला पोचले.